खापरावरचं नाव : ग्रीक नगरराज्यांतली रोजची माणसं

पडवीतला_बाक

गेल्या ऑक्टोबरात अथेन्सला चार दिवस होतो. अक्रोपोलिस झालं, फोटो झाले, गुडघे बोलायला लागले. तिसऱ्या दिवशी ऊन चुकवायला म्हणून अगोराच्या (जुन्या बाजारचौकाच्या) म्युझियममध्ये शिरलो आणि एका काचेच्या कपाटापुढे अडकलो. बायको पुढचं सगळं बघून परत आली तरी मी तिथेच. कपाटात काय, तर खापऱ्या. फुटक्या मडक्यांचे तुकडे, आणि प्रत्येकावर टोकदार कशानेतरी खरवडलेलं एकेक नाव, पुढे बापाचं नाव. थेमिस्टोक्लीस निओक्लीसचा. अरिस्टायडिस लिसिमाखसचा.

हे मतदान, पण उलटं. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सच्या सभेत वर्षातून एकदा विचारायचे, यंदा कुणाला हाकलायचं आहे का? सभा हो म्हणाली की दिवस ठरायचा. ज्याने त्याने आपली खापरी लिहून आणायची. निदान ६००० खापऱ्या पडल्या, तर ज्याचं नाव सगळ्यांत जास्त त्याने १० दिवसांत शहर सोडायचं आणि १० वर्षं फिरकायचं नाही. आरोप नाही, खटला नाही, बाजू मांडणं नाही. जमीनजुमला मात्र त्याचाच राहायचा, उत्पन्नही त्यालाच मिळायचं. आपल्याकडे वाळीत टाकायचे त्यापेक्षा हे बरंच सभ्य म्हणायचं.

आता गंमत. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका जुन्या विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या एकगठ्ठा सापडल्या. अक्षरं ताडून पाहिली तर ती जेमतेम १४ जणांची निघाली. म्हणजे कुणीतरी बसून आधीच लिहून ठेवल्या होत्या, आयत्या वाटायला. मतदानाच्या दिवशी कोपऱ्यावर टेबल टाकून बसलेली आपली पोरं आठवली आणि त्या शांत म्युझियममध्ये मी एकटाच हसलो.

त्याच म्युझियममध्ये एक दगडी शिळा आहे, तिच्यावर उभ्याआडव्या रांगांत बारीक खाचा. नुसती बघितली तर काही कळत नाही. ते चिठ्ठ्या टाकायचं यंत्र. (ही शिळा जरा नंतरच्या काळातली, पण रीत तीच.) न्यायसभेत बसायची इच्छा असलेला माणूस सकाळी आपली काशाची पट्टी घेऊन यायचा. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. पट्ट्या खाचांत बसवायच्या, बाजूच्या नळीत काळ्यापांढऱ्या गोट्या ओतायच्या आणि खालून एकेक सोडायची. पांढरी आली की ती आडवी रांग आत. काळी आली की अख्खी रांग घरी. काही जणांच्या थडग्यांत या पट्ट्या सापडल्या आहेत. मेल्यावर सोबत काय न्यावं, तर हे!

क्लिस्थेनिसने इ.स.पू. ५०८-०७ च्या सुमारास शहराची नवी घडी बसवली, तेव्हापासून ५०० जणांचं एक मंडळ सभेपुढचे विषय ठरवायचं. पुढे तेही चिठ्ठीनेच भरू लागले. वय ३० पूर्ण हवं, आणि आयुष्यात दोनदाच संधी. त्यातल्या ५० जणांची पाळी वर्षाचा दहावा भाग चालायची, आणि त्यांच्यातून रोज एक अध्यक्ष, पुन्हा चिठ्ठीनेच. एक दिवस आणि एक रात्र राज्याचा शिक्का आणि खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी तो परत कुंभार नाहीतर शेतकरी. ही पाळी जन्मात एकदाच.

चिठ्ठीत नाव निघालं म्हणून लगेच खुर्ची मिळायची असं नाही. मोठ्या पदाला आधी चौकशी. आणि प्रश्न काय, तर बाप कोण, आई कोणाची, घराण्याची थडगी कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरलास का, मोहिमेवर गेला होतास का. कामाची अक्कल आहे का, हे कुणी विचारत नाही.

ॲरिस्टॉटल तर सरळ लिहितो की पदं चिठ्ठीने भरणं ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. सेनापती तेवढे दहा दरवर्षी निवडून द्यायचे, कारण तिथे चुकलं तर जीव जातो. पेरिक्लीस हा पुढारी एवढा मोठा झाला तो त्या पदावरून.

शाळेत आम्हाला ‘ग्रीक नगरराज्ये’ दीड पानांत होती आणि त्यातलं अर्धं पान सॉक्रेटिसच्या चित्राने खाल्लं होतं. इथे जाणकार बरेच आहेत, भर घाला. मला देवळांपेक्षा रोजची माणसं हवी आहेत.

सुपारी

वाचतेय. त्या गोट्या आमच्या सोसायटीत आणता येतील का? सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नाही म्हणून सात वर्षं तेच काका आहेत. सर्वसाधारण सभा कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच नऊ जणांत भरते.

हिशेबनीस

@सुपारी, त्यावरही उपाय होता त्यांच्याकडे. सभा प्निक्स टेकडीवर भरायची. सकाळी लोक खालच्या बाजारात गप्पा मारत रेंगाळलेले असायचे. मग ओल्या लाल रंगात भिजवलेली दोरी दोन्ही टोकांना धरून बाजार झाडून काढायचे, म्हणजे माणसं टेकडीकडे ढकलली जायची. कपड्यावर लाल डाग दिसला की दंड. ॲरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराच्या इ.स.पू. ४२५ च्या नाटकाची सुरुवातच तिथे होते. युद्धामुळे गाव सोडून शहरात अडकलेला एक शेतकरी पहाटेच टेकडीवर येऊन बसलाय, दुसरं कुणीच नाही. तो जांभया देतो, मातीत रेघोट्या ओढतो, अंगावरचे केस उपटतो, मनात हिशेब करतो आणि गावाकडे डोळे लावून बसतो. गावात कसं, ‘कोळसे घ्या, तेल घ्या’ असं कुणी ओरडत नाही, सगळं घरचंच!

शेवटी चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सभेला येण्याचे पैसेच द्यायला लागले. न्यायसभेला तर त्याआधीपासून मिळत होते, पेरिक्लीसच्या वेळी दिवसाला दोन ओबोल, पुढे तीन. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, आणि कसबी कारागिराची दिवसाची मजुरी तेव्हा साधारण एक द्राख्मा. म्हणजे अर्धी मजुरी. धट्टाकट्टा माणूस त्यासाठी काम सोडणार नाही, पण म्हाताऱ्यांना बरं. न्यायसभेत म्हातारेच फार, यावर तेव्हाही विनोद व्हायचे.

जाता जाता, हाच द्राख्मा आपल्याकडे ‘द्रम्म’ झाला आणि पुढे ‘दाम’. दामदुप्पट म्हणताना ग्रीक बोलतोय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

सुपारी

लाल दोरी!!! उद्याच मागवते.

कडूनिंब

कौतुक पुरे करा मंडळी. तो शेतकरी टेकडीवर जांभया देत होता तेव्हा त्याच्या शेतात कोण होतं?

मतदार किती, तर प्रौढ नागरिक पुरुष, काळाप्रमाणे ढोबळ ३०,००० ते ५०,०००. बायका नाहीत, बाहेरून आलेले नाहीत, दास नाहीत. दास किती, यावर विद्वान अजून भांडताहेत, पण थुसिडिडीस हा इतिहासकार सांगतो की इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने शहराच्या उत्तरेला ठाणं दिलं, त्यानंतर २०,००० हून जास्त दास पळून गेले. नुसते पळालेले एवढे.

पडवीतल्या बाकराव, तुम्ही खापऱ्यांवरची नावं वाचलीत. आता एक दुसरी यादी वाचा. ४१५ साली, सिसिलीवर आरमार निघायच्या तोंडावर, हर्मीस देवाच्या मूर्ती रातोरात फोडल्या गेल्या. त्या प्रकरणात आणि गुप्त विधींची टवाळी केल्याच्या प्रकरणात दोषी ठरलेल्यांची मालमत्ता लिलावात काढली आणि तिचा हिशेब दगडावर कोरला. त्यात पिरियस बंदरात राहणाऱ्या केफिसोडोरसचे १६ दास आहेत. एका ओळीत एक आणि पुढे किंमत. थ्रेसची बाई १६५ द्राख्मा. थ्रेसची बाई १३५. सिरियाचा पुरुष ३०१. इलिरियाचा १२१. कारियाचं लहान पोर ७२.

नाव एकाचंही नाही. मुलूख आणि भाव. आपण आंब्याच्या पेटीवर लिहितो ना, देवगड, रत्नागिरी, तसं. कारियाच्या त्या पोराची किंमत एका गवंड्याची ७२ दिवसांची मजुरी.

आणि हे बहुधा घरकामाचे, म्हणजे त्यातल्या त्यात नशीबवान. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत काय चालायचं ते बघा. निकियास या सेनापतीचे १००० दास तिथे भाड्याने दिलेले होते, माणशी रोज एक ओबोल. घरबसल्या दिवसाला १६६ द्राख्मा. करारात अट अशी की आकडा कायम ठेवायचा, म्हणजे मेले की ठेकेदाराने भरून द्यायचे. त्याच खाणींत ४८३ च्या सुमारास नवं घबाड लागलं, त्या चांदीतून थेमिस्टोक्लीसने आरमार बांधलं आणि त्या आरमाराने सलामिसला इराण्यांना बुडवलं. पाश्चात्त्य संस्कृती वाचली वगैरे.

पडवीतला_बाक

@कडूनिंब, मान्य. ती यादी मला माहीत नव्हती. ‘थ्रेसची बाई’ वाचून थांबलो जरा.

अर्धवट_वाचक

मग अब्राहम लिंकनपर्यंत सगळीकडेच गुलाम होते की! आजच्या चष्म्यातून बघायचं कशाला? आणि स्पार्टाबद्दल कुणी का बोलत नाही? खरे मर्द तिथले. ३०० जण!

हिशेबनीस

@कडूनिंब, तुमच्या यादीच्या शेजारी अजून एक ठेवतो. कापायला म्हणून नाही, जोडीला. अक्रोपोलिसवर एरेक्थिऑन हे देऊळ बांधत होते, त्याचे इ.स.पू. ४०९ ते ४०६ चे हिशेब दगडावर शिल्लक आहेत. ज्यांचा दर्जा नक्की सांगता येतो असे ८६ कामगार. त्यांत २४ नागरिक, ४२ परके रहिवासी, २० दास. मजुरी तिघांनाही सारखीच, रोजचा एक द्राख्मा. पूर्वेच्या खांबांना उभ्या पन्हळी पाडायच्या कामाला टोळ्या लावल्या होत्या. एका टोळीत सिमियास नावाचा परका रहिवासी, आणि पुढे ‘सिन्द्रोन सिमियासचा’, ‘सान्निओन सिमियासचा’ असं. त्याचे दास. एकाच खांबाला मालक आणि दास शेजारी शेजारी छिन्नी मारताहेत.

इथे नाव आहे. फक्त बापाच्या जागी मालक. आणि सान्निओनचा द्राख्मा संध्याकाळी कुणाच्या खिशात गेला असेल ते तुम्हीही ओळखाल.

घाटमाथा

@अर्धवट_वाचक, स्पार्टाबद्दल बोलू की. बसा.

पहिलं म्हणजे थर्मोपिलीच्या खिंडीत इराण्यांशी लढलेले ते ३०० एकटे नव्हते, तिथे इतर गावांचे काही हजार होते आणि शेवटच्या दिवशी थेस्पियाचे ७०० त्यांच्याबरोबर मेले. त्यांच्यावर सिनेमा निघत नाही. बिचारे.

दुसरं, स्पार्टाच्या पुरुषाला शेती, धंदा, कारागिरी काहीच करायची परवानगी नव्हती. सातव्या वर्षी घरातून काढायचे, पुढे तालीम, आणि वयात आल्यावर रोजचं रात्रीचं जेवण मेसमध्ये. हो, मेस. साधारण पंधरा जणांची. नवीन माणूस घ्यायचा तर जुने सगळे भाकरीचा गोळा एका भांड्यात टाकायचे. कुणी गोळा चेपून टाकला असेल तर नकार, एकाचा नकारही पुरे. आणि मेसला दरमहा जवाचं पीठ, वाइन, चीज, अंजीर आपल्या जमिनीतून पोचवायचं. नाही जमलं तर नागरिकत्व गेलं! मेसचं बिल थकलं म्हणून मताचा हक्क गेला, असं हे शहर. प्रसिद्ध पदार्थ कोणता, तर डुकराचं मांस आणि रक्त घालून केलेला काळा रस्सा. बाहेरच्यांना तो घशाखाली उतरायचा नाही.

मग शेती कोण करायचं? हेलट. शेजारचा मेसेनिया जिंकून तिथल्या लोकांना पिढ्यान्पिढ्या त्यांच्याच जमिनीवर राबायला लावलं. हे आणलेले दास नव्हेत, अख्खा मुलूखच. प्लाटियाच्या लढाईला (इ.स.पू. ४७९) हेरोडोटस हा इतिहासकार ५००० स्पार्टन आणि दर एकामागे सात हेलट मोजतो. हे गणित डोक्यात ठेवा, म्हणजे स्पार्टाचं सगळं वागणं समजतं. दरवर्षी नवे अधिकारी आले की हेलटांशी रीतसर युद्ध जाहीर करायचे, का, तर मारला तर पाप लागू नये. अथेन्स आणि स्पार्टामधल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात एकदा त्यांनी पुकारा केला, ज्यांनी युद्धात सगळ्यांत जास्त पराक्रम केला असं वाटतं त्यांनी पुढे या, मोकळं करतो. २००० निवडले. डोक्यावर पुष्पमाला घालून ते देवळांना फेऱ्या घालून आले. नंतर ते नाहीसे झाले. कसे मेले ते कुणालाच कळलं नाही, असं थुसिडिडीस लिहितो. जो पुढे येईल तोच उद्या बंड करील, हा हिशेब.

शेवट? मेसची वर्गणी, जमीन थोड्यांच्या हाती, युद्धं. नागरिक आटत गेले. ३७१ ला ल्यूक्ट्राच्या रणात ७०० च्या आसपास उतरले होते, त्यातले ४०० पडले. दोन वर्षांत थीब्जच्या एपामिनोंडासने मेसेनिया सोडवला आणि तिथे मेसेनी हे नवं शहर वसवलं. त्याची तटबंदी आजही बघण्यासारखी आहे. ग्रीसला जाणाऱ्यांनी स्पार्टापेक्षा तिथे जावं, स्पार्टात बघायला फारसं काही उरलेलं नाही.

अर्धवट_वाचक

🙏 बरं बाबा.

फोडणीचा_भात

एवढं युद्ध झालं, आता जेवा. मी खाण्यावरच बोलणार.

ॲटिकाची (अथेन्सभोवतालच्या मुलखाची) जमीन हलकी, पाऊस कमी, त्यामुळे तिथे गव्हापेक्षा जव बरे यायचे. गहू पुष्कळसा काळ्या समुद्रावरून जहाजांनी यायचा, म्हणून वाटेवरची सामुद्रधुनी शत्रूने दाबली की अथेन्सचा गळा आवळला जायचा. तर रोजचं अन्न काय, तर ‘माझा’. जव भाजून दळायचे आणि ते पीठ पाण्यात, कधी तेलात, वाइनमध्ये किंवा मधात कालवून गोळा करायचा. चूल पेटवायला नको. आजोळी उन्हाळ्यात सातूचं पीठ गूळपाण्यात कालवून द्यायची आजी, तेच! (आपल्या सातूच्या पिठात गहू आणि डाळंही असतात, माहीत आहे, दुरुस्त करू नका.) गव्हाची भाकरी सणासुदीला.

आणि ‘ओप्सोन’ या त्यांच्या शब्दाला इंग्रजी पुस्तकांत चारचार ओळींचं स्पष्टीकरण देतात. मराठीत एका शब्दात होतं, तोंडीलावणं. ऑलिव्ह, कांदा, चीज, मासा. जो भाकरी थोडी आणि तोंडीलावणंच जास्त खातो त्याला खास शब्द होता, शिवीसारखा. सॉक्रेटिससुद्धा एका जेवणात असल्या पोरावर घसरतो. आमच्याकडे याला ‘नुसती भाजी ओरपतोय बघा’ म्हणतात.

वेंधळी

मस्त धागा. पण बायका कुठे आहेत? आत्तापर्यंत एक ‘थ्रेसची बाई’ तेवढी आली, तीही किंमतीसकट.

जुनाटवाडा

@वेंधळी, मी वकिली करते, त्यामुळे अथेन्सचे खटले माझे आवडते. एक सांगते.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास युफिलेटस नावाच्या माणसावर खुनाचा खटला. त्याने घरात शिरलेल्या इरॅटोस्थेनिसला पकडून साक्षीदारांसमोर मारलं, आणि बायकोबरोबर रंगेहाथ सापडला म्हणून कायद्याने मारला, हा बचाव. भाषण लिहून दिलं लिसियसने. तिथे वकील उभा राहायचा नाही, भाषण विकत घ्यायचं आणि आपणच म्हणायचं, समोर पाण्याचं घड्याळ टपकत असतं. त्यातलं एक म्युझियममध्ये आहे, बाकराव, बघितलंत का? पाणी सहा मिनिटांत संपतं. आमच्याकडे आणायला हवं.

तर भाषणातलं घर बघा. दोन मजली, लहान. वर बायकांची खोली, खाली पुरुषांची. बाळ झालं. त्याला न्हाऊ घालायला शिडीवरून उतरताना बायको पडेल म्हणून नवराच वर झोपायला गेला आणि बायको, बाळ, दासी खाली. एकदा तो शेतावरून अवचित आला. जेवणं झाली, वर गेले. खाली बाळ रडायला लागलं (दासी मुद्दाम चिमटे काढत होती, हे नंतर कळलं). तो म्हणाला, जा, पाज त्याला. ही जाईना. किती दिवसांनी आलात, म्हणे. मग तो चिडला तेव्हा म्हणाली, हो, म्हणजे तुम्ही इथे त्या दासीला ओढायला मोकळे! आणि हसत हसत बाहेरून कडी लावून गेली. रात्री दार करकरल्याचं त्याने ऐकलं. सकाळी विचारलं तर म्हणाली, बाळाजवळचा दिवा विझला, शेजारून पेटवून आणला. तिचा भाऊ मरून महिनाही झाला नव्हता आणि चेहऱ्यावर सफेदा लावलेला होता. तो म्हणतो, मला दिसलं, पण मी काही बोललो नाही.

हे सगळं नवऱ्याचं सांगणं, तेही खुनाच्या बचावात, तेव्हा मीठ लावूनच घ्या. पण करकरणारं दार उगाच कुणी घालत नाही. आणि ओळख कुठे झाली, तर सासूच्या अंत्ययात्रेत. घराबाहेर पडायच्या जागाच तेवढ्या, मर्तिकं आणि सण.

आता मुद्दा. मारणाऱ्याचं नाव आहे, मेलेल्याचं आहे, बोलावून आणलेल्या मित्राचंही आहे. बायकोचं नाव अख्ख्या भाषणात नाही. घरंदाज बाईचं नाव कोर्टात घ्यायचं नसे. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. जिचं नाव घेतलं ती बहुतेक बदनाम करायलाच.

(भिंती कच्च्या विटांच्या, त्यामुळे चोर दाराऐवजी भिंत खणून यायचा. त्यांचा चोरासाठीचा शब्दच ‘भिंत खणणारा’. आपला घरफोड्या.)

वेंधळी

म्हणजे सगळ्या बायका घरात कोंडलेल्या?

जुनाटवाडा

परवडायचं त्यांच्या. गरिबाघरच्या बायका बाजारात फिती विकायच्या, भाजी विकायच्या, दुसऱ्यांची मुलं पाजायच्या. ३४५ च्या सुमारास युक्सिथियस नावाच्या माणसाचं नागरिकत्व गावाने काढून घेतलं, त्यात एक पुरावा असा की याची आई फिती विकते आणि दाई होती, म्हणजे अथेन्सची नसणार! तो म्हणतो, नवरा लढाईवर, हाताशी दोन पोरं, काय करणार होती. गरिबीमुळे मोकळ्या माणसांना दासांची कामं करावी लागतात.

आणि गाव बदललं की कायदा बदलायचा. क्रीटमधल्या गॉर्टिनचा कायदा भिंतीवर कोरलेला आहे, पाचव्या शतकातला. तिथे मुलीला भावाच्या निम्मा वाटा, आणि नवऱ्यापासून वेगळी झाली तर आपलं आणलेलं घेऊन जाते, वर स्वतः विणलेल्या कापडातलं अर्धं. स्पार्टात तर बायकांच्या नावावर इतकी जमीन की ॲरिस्टॉटल चिडतो, पाच भागांतले दोन भाग बायकांकडे म्हणून. ग्रीक बाई अशी एक नव्हतीच. अशी हजाराहून जास्त नगरराज्यं होती, आपण दोनाबद्दल बोलतो.

दर्यावर्दी

आखातात १९ वर्षं आहे. वर ‘परके रहिवासी’ वाचून खुर्चीत सावरून बसलो.

त्यांचा शब्द मेतिक. दरसाल १२ द्राख्मा डोईपट्टी, एकट्या बाईला ६. नागरिक पुरस्कर्ता हवा. जमीन, घर विकत घेता येत नाही. लढाईला मात्र बोलावणार. पट्टी चुकवली तर दास म्हणून विक्री. पिढ्या गेल्या तरी मेतिक तो मेतिकच, कारण ४५१ च्या पेरिक्लीसच्या कायद्याने आई आणि बाप दोघंही अथेन्सचे हवेत. (त्याचीच जोडीदारीण आस्पासिया मिलेटसची निघाली. थोरले दोन मुलगे साथीत गेले, तेव्हा तिच्या मुलाला नागरिक करून घ्यायला त्याला सभेपुढे हात पसरावे लागले.) ॲरिस्टॉटलसुद्धा मेतिकच होता.

जुनाटवाडाताईंचा लिसियस, तोही मेतिक. बाप सिराक्यूजचा, पेरिक्लीसच्या बोलावण्यावरून आलेला. ढालींचा कारखाना, १२० दास. ४०४ ला तीस जणांची जुलमी सत्ता आली. तिजोरीत खडखडाट. त्यांनी श्रीमंत मेतिक हेरले. लिसियस मागच्या दाराने निसटला. भाऊ पोलेमार्खस सापडला, त्याला खटल्याशिवाय विष प्यायला लावलं. ७०० ढाली नेल्या, आणि घरात शिरताच भावजयीच्या कानांतल्या सोन्याच्या कड्या एकाने ओढून काढल्या. लोकशाही परत यावी म्हणून लिसियसने पदरचे पैसे, ढाली दिल्या. ती परत आली. त्याला नागरिक करायचा ठराव झाला आणि तांत्रिक कारणाने रद्द झाला. पुढचं आयुष्य त्याने नागरिकांना भाषणं लिहून देण्यात काढलं.

माझ्या कार्डावर स्पॉन्सरचं नाव असतं. तक्रार नाही, पगार वेळेवर येतो. पण मुलगी इथे जन्मली, आणि ‘आपलं गाव कोणतं’ विचारलं की ती माझ्याकडे बघते.

कडूनिंब

@दर्यावर्दी, 🙏. त्या कड्या विसरायला होणार नाहीत.

पडवीतला_बाक

दोन दिवस प्रवासात होतो, आत्ता सगळं सलग वाचलं. जुनाटवाडाताई, घड्याळ बघितलं होतं, कुंडी समजून पुढे गेलो!

तुमचं ते नावाचं वाचून फोनमधले फोटो परत काढले. शेवटच्या दिवशी केरामिकोसच्या जुन्या कबरस्तानात गेलो होतो. तिथे एका बाईचा स्मृतिस्तंभ आहे, इ.स.पू. ४०० च्या आगेमागेचा. (तिथे प्रतिकृती आहे, मूळ मोठ्या म्युझियममध्ये.) बाई खुर्चीत बसलीय, समोर दासी छोटी पेटी उघडून उभी. वर कोरलंय, ‘हेगेसो प्रोक्सेनोसची’. फोटो काढताना ते वाचलंही नव्हतं. दासीच्या डोक्यावरचा भाग मोठा करून बघितला. काही नाही.

वेंधळी

फोटो टाका ना. आणि हेगेसोच्या हातात काय आहे?

पडवीतला_बाक

टाकतो रात्री. हातात हार होता. तो कोरलेला नव्हता, रंगवलेला होता, रंग केव्हाच उडाला. बोटांची चिमूट तेवढी दिसते.